छातीवरचा हात

सौदीतल्या यान्बूला अब्बांच्या ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं, म्हणून त्यांच्या कारखान्यातली माणसं इस्पितळात आली. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथेच होतो. त्या माणसांत दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हियाचा एक दांडगा वेल्डर होता. इथल्या रीतीने हात मिळवून तो छातीवर ठेवायचा, पण त्याचा हात तिथे जरा जास्त वेळ राहायचा.

त्याची पाळी आली तसा तो मागे सरला. राजापूरचे एक चाचा हसले, "एवढा पैलवान, नि सुईला भितोस?"

हो म्हणाला असता तर निभावलं असतं. सौदीकरणात परदेशी माणसं कमी करणं चालूच होतं, आणि आजारी माणसाची नोकरी आधी जायची. तरी तो मोडक्या हिंदीत सर्वांसमोर म्हणाला, "गावी आमचं मातीचं घर. लहानपणी भिंतीतला किडा चावला. त्याचा जंतू रक्तात आहे, हृदय हळूहळू खातो. इथे तो कोणी तपासत नाही. मी रक्त दिलं, तर याच्या अब्बांनाही होईल."

सुई घेऊन उभ्या असलेल्या सौदी मुलाला हिंदी कळत नव्हती. त्याने काय झालं विचारलं, तेव्हा चाचा अरबीत म्हणाले, "काही नाही, उपाशी आलाय. यल्ला, चल, माझं घे."

रक्त देऊन झाल्यावर मिळालेला रस चाचांनी त्याच्याच हातात दिला. "पी रे, पैलवान."

जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला. मीही हात छातीवर ठेवला, आणि त्याने काढेपर्यंत काढला नाही.