दहनाचा दाखला

देवणीच्या बसस्थानकावर वडिलांनी, अप्पांनी, माझी ट्रंक कासऱ्यानं बांधली. आमचं दुकान बैलांच्या साजाचं, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा यांचं. त्यामुळे घरात दोरीला तोटा नव्हता. "ह्यो कासरा वळू तोडत न्हाई, एसटीवाला काय तोडंल," म्हणत त्यांनी गाठ आवळली. बाकावरच्या एकानं विचारलं, पोरगी कुठं निघाली? "पुण्याकडं. मोटारीच्या कारखान्यात कॉम्प्युटर शिकाया," अप्पा म्हणाले आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "बाई, समदे कॉम्प्युटर शिकले तर मोटार कोण बनवतं?" बस सुटेपर्यंत मला ते नीट सांगता आलं नाही. वसतिगृहात ती गाठ कुणालाच सुटली नाही. शेवटी कासरा कापावा लागला.

गावी राहिलेल्यांना एकदाचं सांगून टाकते. मी मोटारी बनवत नाही. मला मोटार स्वस्तात मिळत नाही. कुणाच्या भाच्याला मी कामाला लावू शकत नाही. आठवड्यातले चार दिवस कारखान्यात उमेदवारी, दोन दिवस वर्ग आणि तीन वर्षांनी माहिती-तंत्रज्ञानाची पदवी, एवढंच माझं आहे. मोटारीच्या दारावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅनरनं वाचला नाही की सगळी लाइन थांबते आणि मग शंभर माणसं आमच्याकडं अशी बघतात, जणू इंजिन आम्हीच पळवलं. उरलेल्या वेळात कुणाचा पासवर्ड उघडून द्यायचा, कुणाच्या प्रिंटरमधला कागद ओढून काढायचा. आणि फॉर्म तपासायचे. माझं सगळं अडलं ते या फॉर्मपाशी.

पहिल्या सहामाहीत साळवीसरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला रजेचा नवा फॉर्म तपासायला दिला. त्यात घरातल्या मृत्यूसाठी वेगळं पान होतं: नातं, तारीख, स्मशानभूमीचं नाव, दहनाचा दाखला. शेवटच्या रकान्यावर तांबडी चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी मन लावून तपासलं. नावाच्या जागी आकडे घातले, उद्याची तारीख टाकली, दाखल्याचा रकाना रिकामा सोडून पाहिला. फॉर्म पुढं गेला नाही. त्या पुढं न जाण्यासमोर मी 'बरोबर' अशी खूण केली आणि खाली माझं नाव लिहिलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्या शेतात आजोबांची, अज्जांची, समाधी आहे, तिच्याजवळच्या बेलाला लहानपणी मीच पाणी घालत असे. आणि तरी ती खूण करताना माझ्या मनात काहीच आलं नाही. शहरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दुसऱ्या सहामाहीत अप्पा गेले. लाइनवर जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत उघडला तेव्हा आईचे, अव्वाचे, सात फोन येऊन गेले होते. लातूर, उदगीर करत मी पोचले, तोवर घरच्यांनी माझ्यासाठी सगळं थांबवून धरलं होतं. अप्पांना बसतं केलं होतं, कपाळावर विभूती, हातात इष्टलिंग. बेलाशेजारी, अज्जांच्या बाजूला, त्यांना ठेवलं. मी मूठभर माती घातली. त्याबद्दल याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी मी ओसरीवर बसून मोबाईलवर तो फॉर्म उघडला. विनामंजुरी गैरहजेरी ठरावीक दिवसांपलीकडं गेली की सहामाही पुन्हा करावी लागते, हे माहीत होतं. स्मशानभूमीचं नाव विचारलं, यादीत आमचं शेत नव्हतं; तो रकाना तसाच सोडला. दाखला विचारला. तांबडी चांदणी माझ्याकडं बघत होती.

मी ग्रामसेवकांकडं गेले. ते म्हणाले, "बाई, दहनच न्हाई तर दाखला कशाचा देऊ? मृत्यूचा घे की."

मृत्यूचा दाखला फॉर्मनं घेतला आणि दोन दिवसांनी परत पाठवला: 'चुकीचा कागद.' कारखान्याच्या कार्यालयात फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणाली, जवळच्या स्मशानभूमीतून आणा ना. मी म्हटलं, जाळलं नाही. ती म्हणाली, हो, पण दाखला तर लागेल. असं तीनदा झालं. तिचा आवाज गोड होता, म्हणून जास्तच चीड आली.

पुन्हा ग्रामसेवकांकडं. त्यांना माझी दया आली असावी. "तुझं वरीस जाऊ नये. देऊ का लिहून, जाळलं म्हणून? कोण बघाया येतंय?"

अव्वा माझ्यामागं उभी होती. अव्वा कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही हळूच म्हणाली, "तसं लिहायचं न्हाई. त्यांला मातीत ठिवलंय. तू व्हतीस की तिथं."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं: 'माझ्या वडिलांचं दहन झालेलं नाही. त्यांना आमच्या शेतात ठेवलं आहे. मी तिथं होते.' सही केली, फोटो काढून जोडला आणि कारखान्यात परतले. आठवड्यानं उत्तर आलं: 'चुकीचा कागद.' रजा नामंजूर. सहामाही पुन्हा.

मग मी आमच्याच विभागात त्या फॉर्मची तक्रार नोंदवली. 'आधी कोणी तपासलं' या ओळीत माझंच नाव होतं. साळवीसरांनी ती ओळ वाचली आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. "चूक आहे, मान्य. पण अडचण किती जणांना आहे? इतकी वर्षं जुन्या फॉर्मातही हाच रकाना होता, कुणी बोललं नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी लाइनवर गेले. चाकं बसवणारे शेखभाई नांदेडचे. त्यांना विचारलं, तुमच्या वडिलांच्या वेळी दाखल्याच्या जागी काय जोडलं होतं?

"लाइटबिल," ते म्हणाले.

"आणि चाललं?"

"चाललं की! फौरन मंजूर. तू काय जोडलीस?"

"खरं लिहून जोडलं."

डबा खाणारे सगळे हसले. शेखभाई हसले नाहीत. "सच्चं कायको लिहिती गं बेटा," म्हणाले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली. उदगीरच्या एकानं रेशनकार्ड जोडलं होतं, आणखी एकानं लग्नपत्रिका. इतकी माणसं आपापली माती घेऊन या फॉर्ममधून गेली होती आणि एकानंही तो चुकीचा आहे असं म्हटलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. मग माझा आला, तो जास्त टिकला.

अडचण किती जणांना आहे ते मी सांगितलं, तेव्हा साळवीसरांनी रकाना बदलू दिला. चांदणी गेली, यादी गेली; आता तिथं 'अंत्यसंस्काराचं ठिकाण' एवढंच विचारतात आणि ज्याचं त्यानं लिहायचं. जुन्या अर्जांना मात्र बदल लागू नाही. म्हणून माझ्यामागून आलेल्या मुलींबरोबर मी तेच धडे पुन्हा वाचते आहे. अव्वाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वाच की. वाचायचाच तर नाद हाय तुला."

कापलेल्या कासऱ्याचा मोठा तुकडा खोलीत आहे, त्यावर मी कपडे वाळत घालते. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना विचारावंसं वाटतं, घर विचारलं की तुम्ही काय लिहिता? नवा फॉर्म तपासताना नमुन्याची एक नोंद भरावी लागते. मी नातं लिहिलं, वडील. ठिकाण लिहिलं, आमचं शेत, देवणी, बेलाशेजारी. फॉर्म पुढं गेला. तपासणी संपली की नमुना पुसून टाकायचा असतो, तसा नियमच आहे. साळवीसर दर सोमवारी आठवण करतात. मी हो म्हणते आणि पुसत नाही.