निघोजची न विकाऊ छत्री

माझा धाकटा साडू दगडांचे फोटो काढतो, म्हणून सासरवाडीत त्याला माझ्याआधी चहा मिळतो.

मी थोरला जावई! भंगाराच्या हातगाडीवरून राहुरीत स्वतःचं दुकान उभं केलेला माणूस! आणि ट्रे आधी त्याच्यापुढे! (वर सासरे म्हणणार, "कलावंत आहे हो तो.") माझं डोकं फिरलं. कॅमेरा आणला, बायकोला घेतलं आणि निघोज गाठलं. तिथं कुकडीच्या पात्रात पाण्यानं काळ्या खडकाला रांजणाएवढे खळगे पाडलेत. साडूनं ते उन्हाळ्यात टिपले होते. मी भर पावसात टिपणार होतो!

चिखलामुळे गाडी गावात ठेवून चालत गेलो. नदीवर पाऊस आडवा झोडपत होता. कॅमेरा बाहेर काढायची सोय नाही आणि छत्री घरी. (बायको म्हणते मी विसरलो. मी म्हणतो ती.) समोर एक मावशी भल्यामोठ्या छत्रीखाली कणसं भाजत बसलेली.

"मावशी, छत्री केवढ्याला?"

"इकायची न्हाई, दादा. कणीस घ्या."

"बोला तर खरं!"

"अवो, इकायचीच न्हाई!"

(भाव वाढवायची ही सगळ्यात जुनी युक्ती. मी दुकानात रोज वापरतो.) मी पाठ फिरवून निघालो. हाक आली नाही. परत आलो, पुन्हा निघालो. तिनं शांतपणे कणीस उलटं केलं.

"अहो, पाणी वाढतंय!" खळग्यांवरच्या पुलावर जाऊन उभी राहिलेली बायको ओरडली.

"गप्प बस! आता नरमतेय ती!"

"कोण, नदी?"

मी भडकलो. "मावशी, असला अडेलपणा बरा नव्हे!"

"आन् छत्री दिल्यावर माझा इस्तू इझंल, त्याचं काय?"

तेवढ्यात मागं घोंघावलं. वळून बघतो तर गढूळ लोंढा, आणि खळगे गायब! एक रांजण दिसेल तर शपथ!

"गेले माझे फोटो!" मी कॅमेऱ्याची पिशवी आपटली.

"फोटूसाठी पायजे हुती व्हय?" मावशी म्हणाली. "मंग तसं म्हनायचं की! धरली असती घडीभर. पैसं कशाला?"

बायकोनं मात्र डोक्यावर पदर घेऊन, लोंढा खळग्यांत कोसळतानाचा फोटो मोबाईलवर टिपला होता. सासरे तो अजून शेजाऱ्यांना दाखवतात.

आता पहिला चहा तिला. दुसरा साडूला. तिसरा मला, आणि कप कमी पडले तर बशीत!