झोबेलचा नारळ

दसऱ्याला कीबोर्डला झेंडूची माळ घातली की त्या वासानं मला दोंडाईच्यातली एक वरात आठवते. नवं वाद्य पहिल्यांदा वाजवण्याआधी नारळ फोडायचा आणि माईकवर त्याच्या कंपनीचं नाव पुकारायचं, ही आमच्या बँडची रीत. त्या दिवशी माझा कीबोर्ड नवा होता, म्हणून मीच ओरडलो, "आजपासून आपल्या गाडीवर झोबेल!" तेवढ्यात नवरदेवाचे पुण्याचे काका गाडीपाशी आले आणि माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "झोबेल नाही हो, त्साउबेल. जर्मन कंपनी आहे. म्हणा पाहू." सगळी वरात हसली. मी माईक परत ओढून घेतला आणि अहिराणीत म्हणालो, "त्या जर्मन सायबले आधी दोंडाईचा म्हनी दखाडाले सांगा, मंग मी शिकसू." आणि सरळ वाजवायलाच लागलो. पहिल्याच ठेक्याला वरात नाचू लागली, काकांसकट. आता मुलगी मला मोबाइलवर खरा उच्चार ऐकवते. तो मला त्या दिवशीच आला होता. तरी वरात निघताना मी झोबेलच पुकारतो, आणि वऱ्हाड पुण्याचं असलं तर जरा जास्तच जोरात.