फ्रीझरमधले मोदक

हल्ली नीट गार न करणारा आमचा फ्रीज मेला असं सांगेल, या आशेवरच आम्ही एका मेकॅनिकला बोलावलं होतं. नवा घ्यायचं पक्कं होतं, पण चालता फ्रीज टाकला म्हणायला जीभ रेटत नव्हती.

माणूस करंजा बंदरावरचा, कोळी. आल्याआल्या त्याने हत्यारांची पिशवी बाजूला ठेवली आणि ताप बघावा तसा तळहात फ्रीजच्या अंगाला लावला. मग आतल्या वस्तू फरशीवर मांडायला लागला. आंबून फसफसलेलं डोशाचं पीठ, मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्या, हॉटेलातून आणलेल्या सॉसच्या पुड्या. पनवेलातल्या एका सुशिक्षित घराची अब्रू फरशीवर पाणी सोडू लागली.

शेवटी फ्रीझरच्या मागच्या भिंतीला चिकटून बसलेला एक डबा त्याने ओढून काढला.

"ह्यानं गार हवेची भोकं बुजवली. फ्रीज चांगला हाय तुमचा. काय हाय यात?"

"गणपतीतले मोदक," बायको म्हणाली. "मुलगा यायचाय ना कॅनडाहून."

तेव्हा शिमगाही होऊन गेला होता.

त्याने डबा जपून तिच्या हातात दिला. "काकू, आमी पन मासली बर्फात ठेवतो. पन ती इकायला. वाट बघायला नाय."

हा आगाऊपणा आम्हाला मुळीच आवडला नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही मोठ्या फ्रीझरचा नवा फ्रीज घेतला. त्यात पहिला डबा मोदकांचाच ठेवला, पण त्या माणसाचं ऐकून, भोकांपासून चार बोटं लांब.