चार्जिंगच्या भोकात एक थेंब तेल

बायकोच्या किडनीसाठी आमचं नाव यादीत लागलं, त्या दिवशी पुण्याच्या हॉस्पिटलातल्या बाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं, की फोन कधीही बंद ठेवायचा नाही. किडनी मिळाली की फोन येणार, आणि तो लागला नाही तर पुढच्या पेशंटला लावणार. फॉर्मवर मी दोन नंबर लिहिले, एक माझा आणि दुसरा कारखान्याच्या ऑफिसचा. तेव्हापासून आंघोळीला गेलो तरी फोन मोरीच्या दारात असायचा. बॅटरी निम्म्यावर आली की मी लगेच चार्जरला लावायचो.

मी लेथवरचा माणूस. उभा जन्म उद्यमनगरात लोखंड तासण्यात गेला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाने, व्हर्निअर, मायक्रोमीटर सगळं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि पाटावर मांडायचं. त्या वर्षी पाटाच्या मधोमध मी फोन ठेवला. आमचं सगळं त्याच्यावरच अवलंबून होतं, मग पूजा दुसऱ्या कशाची करायची? बायको हळदकुंकू घेऊन आली तसा मी खेकसलो, की स्क्रीनला लावू नको, कॅमेऱ्याला लावू नको. तिनं बिचारीनं खालच्या कडेला लावलं.

दसऱ्याला सकाळी बघतोय तर बॅटरी आठ टक्के. रात्रभर वायर जोडलेली होती, पण विजेचं चिन्हच नव्हतं. वायर हलवून बघितली, उलटी करून घातली. शेजाऱ्यांचा चार्जर आणला. हॉलमधला बोर्ड सोडून स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावला. वीजवाल्यांना शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या. फोन बंद करून चालू केला तर त्यातच दोन टक्के गेले.

शेवटी टॉर्च लावून चार्जिंगच्या भोकात बघितलं. आत सगळं लाल.

मग माझं डोकंच फिरलं. तुझ्या कुंकवानं घात केला, फोन आला तर काय करायचं, असं मी ओरडलो. गल्लीला ऐकू गेलं असणार. तिनं पुरणाखालचा गॅस बंद केला आणि खुर्चीत जाऊन बसली. काहीतरी बोलायला गेली, पण मी हातानंच गप्प केलं.

जाम झालेली वस्तू दिसली की आमचा हात आपोआप तेलाच्या डबीकडं जातो. शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब भोकात सोडलं, सुईनं कोरलं, तोंडानं फुंकलं. पुन्हा वायर घातली. काही नाही. साडेदहाला स्क्रीन काळी झाली. दसऱ्यामुळं कारखान्याला कुलूप, म्हणजे दुसरा नंबरही मेलेलाच. दोन्ही दारं बंद झाली होती आणि ती दोन्ही मीच निवडली होती.

राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात नवे फोन घेणाऱ्यांची गर्दी. दुरुस्तीवाल्याचा पत्ता नव्हता. तो बाराच्या पुढं आला. दर मिनिटाला मी दुकानातल्या घड्याळाकडं बघत होतो. त्यानं भिंगातून बघितलं आणि हसायला लागला. म्हणाला, "पावणं, कुंकू कोरडं हुतं. ब्रशनं झाडलं असतं तर निघालं असतं. तुमी तेल घालून चिखल केलाय की."

मी त्याला सगळं सांगितलं. कशाचा फोन येणार आहे, तेही. त्याचं हसू गेलं. भोक धुता धुता त्यानं विचारलं, "घरात दुसरा फोन न्हाय काय?"

बायकोचा होता. फळीवर, भरलेल्या बॅटरीचा.

"मग सिम काढून त्यात का घातलं न्हाईसा?"

बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची, एवढंच माझ्या डोक्यात. फोन बिघडलाय, नंबर बिघडलेला नाही, हे मला सुचलंच नव्हतं.

फोन चालू झाला आणि मेसेज आला. पुण्याच्या नंबरवरून पाच कॉल, पहिला सव्वाअकराचा. मी रस्त्यावर येऊन लावला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की खूप प्रयत्न केला, आता पुढच्या पेशंटला बोलावून घेतलंय, तुमचं नाव यादीत आहेच. मी बरं म्हणालो. दुकानात परत जाऊन दुरुस्तीचे पैसे दिले.

घरी येऊन तिला खरं ते सांगितलं, की कुंकू नव्हतं गं, माझं तेल होतं. तिनं विचारलं, "फोन आलता काय?"

"न्हाय," मी म्हणालो.

बरं झालं म्हणून तिनं माझं ताट वाढलं.

सहा महिने मी ते पोटात ठेवलं. एका डायलिसिसला तिच्या शेजारी बसलो होतो. मशीन चालू होतं. मी नेहमीसारखा फोन काढून किती टक्के आहेत ते बघितलं, तशी ती छताकडं बघतच बोलायला लागली. दसऱ्याच्या दिवशी आमचा फोन लागेना म्हणून पुण्याच्या बाईंनी इथल्या डायलिसिसच्या सिस्टरलाही विचारलं होतं. सिस्टरकडंही माझाच नंबर. पुढच्या खेपेला तिनं बायकोला सगळं सांगून टाकलं होतं.

सहा महिने तिला माहीत होतं. मला बोलली का नाहीस, एवढंच मी विचारलं.

"सिम माझ्या फोनात घाला, हे मी तवाच सांगणार हुतो," ती म्हणाली. "तुमी बोलू दिलं न्हाईसा."

तिनं मोकळा हात माझ्या फोनवर ठेवला आणि तो पालथा केला.

"आता पुण्याच्या फॉर्मवर पयला फोन नंबर माझा हाय. मीच सांगून लिहून घेतलाय."