पुतळाबाईचे धवळे

खारबावच्या हिरामणला लोक मिक्सरवाला म्हणायचे. हळदीच्या कार्यक्रमात गायक नाचत, बेंजोवाला भाव खात, आणि हा आपला कोपऱ्यात साउंडच्या मिक्सरपाशी, वायरींच्या गुंत्यात मान घालून बसलेला. ऐंशीच्या सुमारापासून त्यानं दुसरं काही केलं नाही. त्याच्या हाताखाली कधी एक माइकसुद्धा शिट्टी मारत नसे, आणि त्याचा त्याला गर्वही होता.

अठ्ठ्याण्णवला त्यानं मागच्या खोलीत कंप्युटर आणला. आता वायरी पडद्यात गेल्या. प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रॅक, आणि तो कुठून कुठे जायचा ते माऊसनं ठरवायचं. पण मशीन होतं मरतुकडं. त्यात एको, म्हणजे आवाजाला घुमारा, लावला की धापा टाकायचं, आणि हार्ड डिस्क तर एवढीशी. म्हणून आवाज आणि एको मिसळून एकच ट्रॅक करायचा, मूळचा पुसायचा, झालेल्या जागेत पुढचं गाणं भरायचं. हिरामणला हे जमलं. म्हणजे, जमलं असं त्याला वाटलं.

त्याची आत्या पुतळाबाई धवलारीण होती. आगऱ्यांची लग्नं भटजी नाही, तीच लावायची, देवांना मांडवात बोलावण्यापासून पोर सासरी धाडेपर्यंतचे सगळे धवळे गाऊन. गावात दुसरी कुणी ते शिकली नाही. पोरींना म्हणे लाज वाटायची! त्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज जाईल. आणि नात मंदाचं लग्न तर वैशाखात ठरलेलं.

"कंप्युटरमदी भरून ठेवू, आत्या," हिरामण म्हणाला. "मंदाच्या लग्नात तूच गाशील."

"मांडव न्हाय तिथं मी गात न्हाय," ती म्हणाली.

तर या पठ्ठ्यानं खोलीतच मांडव घातला. चार बांबू रोवले, आंब्याच्या पानांचे टाळे बांधले, खाली पाट मांडला. दवाखान्यात भरती व्हायला निघाली त्याच सकाळी पुतळाबाई येऊन पाटावर बसली. घोटभर पाणी प्यायची आणि गायची. दुखत होतं, दिसत होतं. पहिला धवळा झाला नि डिस्क भरली. अजून तीन बाकी. तिला ताटकळत ठेवणं हिरामणच्या जिवावर आलं. त्यानं घाईनं मिसळलं, मूळ पुसलं, म्हणाला, "हं, आत्या." चारही धवळे असेच झाले. परत ऐकून त्यानं एकदाही बघितलं नाही. कशाला ऐकायचं? हेडफोनात सगळं छान येत होतं.

तिथंच घात झाला. कार्यक्रमात गाणाऱ्याचा आवाज आधी फक्त आपल्या हेडफोनच्या वाटेवर सोडायचा, नीट लागला की मग स्पीकरच्या मुख्य वाटेवर, ही त्याची जन्माची सवय. कंप्युटरवरही त्यानं तेच केलं, मुख्य वाटेवर आणायचं मात्र घाईत राहिलं. एको तेवढा मुख्य वाटेनं गेला. आणि मशीन मिसळतं ते फक्त मुख्य वाटेवरचं. संध्याकाळी त्यानं ऐकलं तेव्हा आत्याचा आवाज कुठंच नव्हता, नुसता एको होता. शब्द एकमेकांत विरघळलेले, सूर लांबून आल्यासारखा. पुसलेलं परत येतं का म्हणून त्यानं भिवंडीत, ठाण्यात, दिसेल त्याला विचारलं. पण त्या जागेवर त्यानंच पुढचे धवळे भरले होते, आणि शेवटचाही कुणाला परत आणता आला नाही. तो मशीनसमोर ढसाढसा रडला.

पुतळाबाई गळ्याला पट्टी बांधून घरी आली. बोलता येत नव्हतं. हिरामणला बघितलं की कानाला हात लावून खुणेनं विचारायची, भरलंय ना? तो हो म्हणून मान हलवायचा. खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही, शेवटपर्यंत.

वैशाखात मंदाचा मांडव भरला. बायका पाटाभोवती बसल्या, तिच्या मागून ओळ धरायला तयार. हिरामणनं कंप्युटरवरून उतरवलेली कॅसेट लावली. बायकांनी कान दिला, एकमेकींकडे बघितलं. एकीलाही शब्द सापडेना. पुतळाबाई ओठ हलवत होती, पण टेपमधलं तिलाही उमगेना, आणि मधेच तिचे ओठ थांबले.

हळदीनं माखलेली मंदा वाकून म्हणाली, "आजी, हे कोण गातंय?"

पुतळाबाईनं हिरामणकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग ती उठली, टेप बंद केला, आणि दाराशी उभ्या जावयाला, मंदाच्या बापाला, खांद्यावरून जानवं ओढल्यासारखी हातानं खूण केली, भटजींना बोलवा.