सुनंदाचे वाक्य

माझ्या पहिल्या छापील कथेतले सर्वांनी वाखाणलेले वाक्य माझे नव्हते, हे मी बारा वर्षे लपवले. काल लोणच्यासाठी जाडे मीठ भाजताना त्याचा वास घरभर पसरला आणि रोह्यातली ती संध्याकाळ समोर उभी राहिली.

पंचेचाळिशीत मी नुकता लिहू लागलो होतो. धाटावच्या कंपनीतून आल्यावर पत्नीला, सुनंदाला, कथा वाचून दाखवली. भरतीने मिठागर वाहून नेल्यावर माझी नायिका म्हणत होती, "माझे सर्वस्व लुटले गेले."

पेणजवळच्या मिठागरात वाढलेली सुनंदा हसली. "अशी बोलते व्हय आमची बाय? नाटकात हाय का ती? ती म्हणंल, मीठ गेलं गो, पायाच्या भेगा तेवढ्या राहिल्या."

एरवी मी आवाज न चढवणारा माणूस. पण मुलीदेखत वही आपटली. "सातवी शिकलेल्या बाईनं मला लिहायला शिकवू नये." तिचे बरोबर आहे हे त्याच क्षणी कळले होते, म्हणूनच तो संताप. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य कथेत घातले.

कथा छापलेला अंक आला. तिने ते पान वाचले आणि अंक मिटून माझ्या हाती दिला. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला राग आला होता. आज तो सारा राग माझ्यावरच उलटला आहे आणि शमत नाही.

काल मुलगी-जावई जेवायला बसले असताना मी म्हणालो, "सुनंदा, त्या कथेतलं वाक्य तुझं होतं. मी ते चोरलं, आणि वर तुझं शिक्षण काढलं. माझं चुकलं."